आमची ठेंगणी बरडी

आश्विन लागला की मलकापूरच्या बाजारात सीताफळांच्या टोपल्या येऊन बसतात आणि माझं डोकं कामातून जातं. मी इथल्या एका वाचनालयात काम करते. या दिवसांत कोणी प्रवासवर्णन मागितलं तर त्याच्या हातात लोणच्या-मुरंब्याचं पुस्तक ठेवते आणि वर त्यालाच विचारते, आणखी काय देऊ? बाजारात गेले की पाय आपोआप टोपलीपाशी थांबतात. एक फळ उचलायचं, उलटंपालटं करून बघायचं, परत ठेवायचं.

"बाई, घ्याचं नसन तर दाबू नका ना," फळवाला म्हणतो.

"दाबत नाही रे बाबा, डोळे बघते."

तो माझ्याकडेच विचित्र नजरेने बघतो. त्याची फळं कुठल्याशा बागेतली असतात. मोठी, गुबगुबीत, एकसारखी. चवीला म्हणाल तर साखरेचं पाणी! आमच्या बरडीवरचं फळ मुठीएवढं, आत बियाच बिया, गर नावाला. पण तेवढा गर जिभेवर टेकला की बडबडा माणूससुद्धा गप्प होतो. माहेरचं म्हणून कौतुक चाललंय, असं म्हणाल तर म्हणा. आहे कौतुक.

बरड म्हणजे मुरमाड, हलकी जमीन आणि बरडी म्हणजे तसल्या जमिनीची टेकडी. देऊळगाव राजाकडून लोणारकडे जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं, गावामागे तलाव, आणि तलावाच्या उशाशी ही बरडी. डोंगर म्हणायची कोणाची हिंमत नाही. चढायला लागलं की दम लागायच्या आत माथा येतो. वर बोरी, हिवर, धावडा आणि सगळ्या अंगावर सीताफळीची झुडपं. ती कोणी लावली नाहीत. कोणीतरी फळं खाल्ली, बिया थुंकल्या, झाली झाडं. लोणारचं सरोवर बघायला देशोदेशीची माणसं येतात, त्यांच्या गाड्या आमच्या फाट्यावरून भुर्रकन निघून जातात. ड्रायव्हर चहालासुद्धा थांबत नाही.

आश्विनात मात्र आमची बरडी बघावी. कुसळं पिवळी पडायला लागलेली असतात, पण झुडपं अजून हिरवीगार. खाली वावरांत सोयाबीनची मळणी चाललेली, तिची धूळ उन्हात तरंगत असते आणि नाकाला खाजवते. तलाव काठोकाठ. म्हशी पाण्यात नाक आणि पाठ तेवढी वर काढून बसतात आणि बगळे त्यांच्या पाठीवरून गावाकडे बघत राहतात. मी लहानपणी बरडीवर पालथी पडून हे सगळं बघायची आणि घरी उशिरा गेले म्हणून बोलणी खायची.

सीताफळाचे डोळे बघायला मला हलीमा चाचीने शिकवलं. चाचा गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे. चाची आमच्या शेजारची, दसरा ते दिवाळी बरडीची फळं टोपलीत घालून लोणारच्या बाजारात विकायची. एकदा मी कच्च्या फळाला हात घातला तर तिने मनगट धरलं.

"नको तोडू बेटी. डोये मिटेल हायेत त्याचे. झोपेल हाय ते."

"मग उठवू ना त्याले."

"उठवलं की रडते. मंग गोड होत नाही."

दोन खवल्यांमधली चीर रुंदावली, आतून पांढुरकी-पिवळसर दिसायला लागली की डोळे उघडले. आता मी पन्नाशी ओलांडली, चाळिशीचा चष्मा नाकावर आला, पण फळाचे डोळे मला चष्म्याशिवाय दिसतात.

आणि गावाचा एक नेम आहे. पोळा झाला की बरडी बांधली जाते. दोरी नाही, कुंपण नाही, पाटी नाही. गुरं चारा, लाकूडफाटा आणा, पण फळाला हात लावायचा नाही. बस्स, बांधली म्हणजे बांधली. दसरा झाल्यावर एक माणूस सकाळी वर जातो, झुडपाझुडपातून हिंडून फळं बघतो आणि आली असतील तर तिथूनच हाळी देतो, "सुटली होऽऽ! बरडी सुटली!" मग काय विचारता! गाव उधळतं. त्यातही आणखी एक गंमत. पहिल्या दिवशी तोडलेलं फळ आपल्या घरात खायचं नाही, दुसऱ्याच्या घरी द्यायचं. त्यामुळे संध्याकाळी आमची टोपली चाचीकडे, चाचीची आमच्याकडे, आमच्याकडची समोरच्यांकडे, अशी सगळ्या गावाची सगळ्या गावात ने-आण चालते. शेवटी प्रत्येकाच्या घरात जेवढी तोडली तेवढीच येतात. कोणी शहाणा म्हणेल, मग हा उपद्व्याप कशाला? त्याने एकदा ती संध्याकाळ बघावी. विक्री दुसऱ्या दिवसापासून.

दर आश्विनात आठवतो तो मात्र एकच आश्विन, काही वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी वाचनालयाचं एक जुनं कपाट वाळवीच्या भीतीने आम्ही रिकामं केलं. तळाशी एक इंग्रजी पुस्तक निघालं, साहेबाच्या काळातलं, वऱ्हाडात हिंडणाऱ्या प्रवाशांसाठी लिहिलेलं. पाठीमागे घडी घातलेला नकाशा. घडी मी एकेक पदर करत जपून उलगडली, कागद फाटेल म्हणून. शाळेच्या ग्रुप फोटोत माणूस आधी स्वतःला शोधतो, तसं मी आधी आमचं गाव शोधलं. सापडलं! तलावाचा निळा ठिपका, आणि शेजारी बारीक रेघांची वेटोळी, परातीत थापलेल्या भाकरीवर बोटं उमटतात तशी. मधे एक टिंब, त्याच्याजवळ उंचीचा आकडा. गावातून निघून बरडीच्या खांद्यावरून तलावावर उतरणारी पायवाटसुद्धा तुटक रेघेने काढलेली. त्या वाटेने मी चपला हातात घेऊन पळालेय. भर वाचनालयात मला रडू आलं. खोटं कशाला सांगू.

मग उत्साहाच्या भरात पुस्तकातलं पान शोधलं, आणि डोकंच फिरलं. साहेबांनी आमच्या बरडीला दीड ओळ दिली होती. तलावापाशी एक ठेंगणी टेकडी आहे, चढ सोपा आहे, वर पाहण्याजोगं काही नाही, प्रवाशाने तलावावर घोड्याला पाणी पाजावं आणि पुढे निघावं, असा त्याचा मतलब. मला विचारा, हा माणूस वर गेला असेल का? छे! घोड्यावरूनच लिहिलंय मेल्याने.

नेमका त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, गावात शेती करतो. आवाज खुशीत होता.

"सुमे, रस्ता होऊन राह्यला गावाले. फाट्यापासून घरापर्यंत, डांबरी."

"अरे वा! कोणी दिला?"

"ठेकेदार देते. त्याले मोठ्या रस्त्याच्या कामासाठी मुरूम पाह्यजे. बरडी खोदू देतो म्हटलं तर आपला रस्ता करून देते. ग्रामसभा हाय येत्या सोमवारी."

मला जे सुचलं ते सगळं मी एकदम बोलले. बरडी गेली की उतारावरचे ओहळ जातील, तलाव कशाने भरेल, चाचीच्या सुनेने विकायचं काय, आणि तुला लाज कशी वाटत नाही. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

"लाज?" दादाचा आवाज चढला. "तुई वहिनी वावरात पडली, पाय मोडला, तवा पाऊसपाण्याचे दिवस होते. ट्रॉलीत घालून फाट्यापर्यंत नेली मी तिले. एकेका गड्ड्यात वरडत होती ती. तू होती का तथी? मलकापुरात पंख्याखाली बसून गावचा डोंगर राखतेस! तुले बरडी पाह्यजे, आमाले रस्ता पाह्यजे."

फोन बंद. त्यानंतर त्याने माझे फोन उचलणं सोडलं. आणि मला दुखलं ते हेच की तो खरं बोलत होता. त्या ट्रॉलीत मी नव्हते. वहिनी अजून किंचित लंगडते. रस्ता हवाच होता. पण बरडीसुद्धा हवीच होती. दोन्हीतलं एक निवड म्हटलं की माणसाने काय करावं? सभेच्या आदल्या रात्री मी कूस बदलत राहिले आणि सकाळी रजेचा अर्ज टाकून एसटी पकडली. पिशवीत नकाशा होता. तो मी ग्रामसभेत उलगडणार होते. आपली बरडी छापील आहे, साहेबाच्या नकाशात आहे, हे बघून गाव भारावून जाईल अशी माझी समजूत. पुस्तकात वाढलेल्या बाईची समजूत म्हणा.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. गावात दोन गट स्पष्ट होते, त्यातला रस्त्याचा मोठा. दादा पुढे बसला होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीने इथे बोलायचं काय काम, असं कोणीतरी पुटपुटलं, पण सरपंच म्हणाले, "बोलू द्या ना ताईले, लांबून आली."

मी नकाशा पसरला. लोक उत्सुकतेने ओणवे झाले. भारावलं कोणी नाही. जो तो आपलं घर, आपला गुरांचा वाडगा शोधायला लागला. "आमचा वाडगा कोठी हाय याच्यात?" "तुया वाडगा तवा नव्हता बे, तुया आजाही नव्हता." हसणं-खिदळणं झालं, नकाशा हातोहात फिरून माझ्याकडे परत आला आणि विषय पुन्हा मुरमावर गेला. झालं, म्हटलं, आटोपलं. डोळे भरून आले. तेवढ्यात नामदेवबुवांनी विचारलं, "त्या पुस्तकात काय लिहेल हाय आपल्या बरडीवर?" नामदेवबुवा म्हणजे वर्षानुवर्षं बरडी सोडणारे. हाळी त्यांचीच. त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला होता, काठीवर टेकून बसले होते.

मला ते वाचायचं नव्हतं. आपल्याच विरुद्ध पुरावा कोण देतं? पण म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलवेना. मराठीत करून सांगितलं. ठेंगणी टेकडी. वर बघण्यासारखं काही नाही. घोड्याला पाणी पाजा आणि पुढे चला.

पारावरची सगळी डोकी वर झाली.

"काय म्हणते?" पहिला उठला तो माझा दादा. कान लाल झाले होते. "बघण्यासारखं काही नाही? कोण हाय बे हा?"

"मेला असेल आता, दादा," मी म्हटलं.

"मेला तं मेला! पण असं छापून गेला अन् आपण ऐकून घ्याचं? आला होता का वर? पाह्यलं का त्यानं काही?" तो गर्रकन सगळ्यांकडे वळला. "चला रे! चला वर! पाहू, दिसत नाही म्हणजे कसं दिसत नाही ते!"

दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस बरडी खोदायला निघाला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि गंमत बघा, रस्त्याचा अख्खा गट त्याच्यामागे उठला. आमच्याकडची माणसं अशीच. आपल्या बैलाला आपण शिव्या घालू, पण परक्याने त्याच्या शिंगाला वाकडं म्हटलेलं खपवून घेणार नाही. ग्रामसेवक भाऊसाहेब ठराव लिहायची वही काखोटीला मारून "अहो, सभा इथं आहे, सभा इथं" करत मागून यायला लागले. बुवांना दोघांनी हाताची पालखी करून उचललं. वहिनी लंगडत, माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली. माझ्याशी ती बोलत होती. तिचं आणि माझं कधी बंद नव्हतंच.

वर गेलो तर फळं लागलेली. अहाहा! एकेक झुडूप वाकलेलं. अजून बरडी सुटली नव्हती, म्हणून सगळं गाव त्या फळांमधून अंग चोरून, लुगडी-धोतरं सावरून चाललं होतं. भाऊसाहेब बाहेरगावचे, नवीनच बदलून आलेले. त्यांनी चालता चालता सहज एका फळाला हात घातला.

"ओ भाऊसाहेब! हात खाली!"

सगळं गाव एका सुरात ओरडलं. भाऊसाहेबांच्या हातून वही पडली. "काय झालं? साप?"

"बांधेल हाय बरडी. सुटेपरयंत तोडाचं नसते."

"एक फळ हो!"

"अर्धंही नाही," हलीमा चाची मागून म्हणाली. तीही आली होती, सुनेचा हात धरून.

लोक हसले. वहिनी हसली नाही. ती एका धोंड्यावर पाय लांबवून बसली होती. तिथूनच, कोणाकडे न बघता, नेहमीच्या आवाजात बोलली.

"एक फय तोडू देत नाही, अन् डोंगर देऊन राह्यले."

खाली वावरात मळणीयंत्र चालू होतं. दादा कमरेवर हात ठेवून उभा होता. तो तलावाकडे बघत होता, मग गावाकडे, मग आमच्या वावराकडे. त्या वावरात तेव्हा एक उंचवटा होता. तिथे काहीही पेरा, गुडघ्याच्या वर येत नसे. वहिनी हट्टाने तिथे तूर लावायची, आणि तूर हट्टाने वाढायची नाही. वरून बघितलं तेव्हा दिसलं, बरडीचंच शेपूट वळून आमच्या वावरात शिरलंय, पांढरं फटक. खालून ते कधी कळलं नव्हतं. मीही लहानपणी शंभरदा तिथून खाली बघितलं असेल, पण मी म्हशी बघत होते.

"मुरूमच पाह्यजे ना त्याले?" दादा म्हणाला. "माया वावरात हाय तो. तथून ने म्हणा. शेततळं होईन."

"मायी तूर!" वहिनी ओरडली.

"तुई तूर मी पाह्यली वं वरतून. पाह्यजे तं तूही पाह्य."

वहिनीने मान वळवून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "रस्ता होईन ना पण?"

"होईन."

"मंग ने म्हणा."

नंतर शेजारच्या दोघांनी आपले उंचवटे देऊ केले, कोणी म्हणालं तलावाच्या पोटातही मुरूम आहे, गाळ काढून तो घ्या. भाऊसाहेबांनी धोंड्यावर बसून ठराव लिहिला. ठेकेदाराला मुरमाशी मतलब, त्याने आधी कुरकुर केली, मग कागदपत्रं झाली, उन्हाळ्यात काम झालं. हे सांगायला सोपं वाटतं. मधे पुष्कळ खेटे झाले, भांडणं झाली, दादाने दोनदा सगळं सोडून दिलं आणि तीनदा पुन्हा धरलं. पण तो माझे फोन उचलायला लागला. फोनवर फक्त कामाचं बोलायचा. भांडणाच्या त्या फोनवर तो मला काय म्हणाला होता, मी त्याला काय म्हटलं होतं, यातलं काहीच आमच्यात निघालं नाही. सख्ख्या भावंडांना माफी मागता येत नाही, देवाने ती सोयच ठेवलेली नाही.

आता एसटी गावात येते. वहिनी तपासणीला जाते तेव्हा खिडकीशी बसते. आमच्या शेततळ्यात पाणी राहतं, तुरीच्या जागी दादाने काठाने लिंबं लावलीत. बरडी आहे तिथेच आहे, ठेंगणी. त्या साहेबावरचा माझा राग मात्र गेलाय. जगाच्या लेखी बघण्यासारखं काही नसणं ही छोट्या जागांना मिळालेली केवढी मोठी सवलत आहे, असं आताशा वाटतं. कोणी येत नाही, म्हणून ती आमची राहते. पण ज्यांची आहे त्यांनी अधूनमधून वर चढून बघायला हवं, इतकंच.

नामदेवबुवा गेले. बरडी सोडायचं काम गावाने दादाला दिलं. हा मान की शिक्षा, यावर पारावर अजून वाद होतो.

यंदा दसरा झाला तशी मी पिशवी भरून आले. सकाळी बरडीच्या पायथ्याशी सगळं गाव टोपल्या घेऊन उभं. दादा वर झुडपांतून हिंडत होता. इकडे वाकला, तिकडे बसला, परत मागे गेला. लोक कंटाळले. "अरे सोड ना बे, मुहूर्त काढून राह्यला का?" शेवटी तो माथ्यावर उभा राहिला. सगळ्यांनी टोपल्या उचलल्या.

"नाही सुटली होऽऽ!" दादा ओरडला. "डोये मिटेल हायेत! घरी जा!"

काय गलका झाला म्हणून सांगू! शिव्या, हसणं, टोपल्यांची आदळआपट. यंदा पाऊस लांबला होता, फळं मागे पडली होती. दादा घाम पुसत खाली आला, आणि मी त्याला धरलंच.

"दादा, अरे मी रजा काढून आले! रिकाम्या हाताने जाऊ का आता?"

"जातेस कायले?" तो म्हणाला. माझ्याकडे न बघता त्याने माझ्या हातातली रिकामी टोपली काढून घेतली. "राह्य ना सुटेपरयंत. तुयं घर नाही का हे?"

आणि टोपली घेऊन तो पुढे चालायलाही लागला. मी तिथेच उभी राहून मलकापूरला फोन लावला, आणि सांगितलं, वाचनालयाची किल्ली कोणाकडे तरी द्या, मला यायला वेळ लागेल.